बिल येईपर्यंतचं बसणं

आप्पा, म्हणजे माझे वडील, गुजरातेत पांडेसरातल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये डिस्पॅचच्या ओट्यावर पार्सलं टेम्पोत चढवायचं काम करायचे. त्या मिलचं काम आमच्या कंपनीकडे आलं ते त्यांच्यामुळेच. तिथे बिलं सारखी अडकायची. डिस्पॅच मॅनेजर कॉम्प्युटरला गुजरातीत शिव्या देत बसलेले असताना आप्पांनी खिडकीतून आत डोकं घालून सांगितलं, "साहेब, मेरा लडका यही काम करता है." मॅनेजर हसले. लोडिंगवाल्याचा मुलगा म्हणजे मोबाइल रिपेअरवाला असेल असं त्यांना वाटलं. तरी नंबर घेतला.

मी मोबाइल रिपेअरवाला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बमरोलीतल्या एका खोलीत वाढलो, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि बीसीए केलं. दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावणं हा माझा धंदा. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, हे मला माहीत आहे. चढू दे.

मिलमधलं काम असं होतं. पॅकिंग खात्यात नोंद व्हायची, की अमुक पार्टीची एवढी पार्सलं तयार आहेत. तो निरोप एका रांगेत जाऊन उभा राहायचा. त्या रांगेला आम्ही क्यू म्हणतो. आमचं मधलं सॉफ्टवेअर रांगेतून निरोप उचलणार, सरकारी पोर्टलवरून ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून न्यायचा परवाना, काढणार आणि ओट्याजवळच्या प्रिंटरवर पाठवणार. रांगेपर्यंत पोचायला कनेक्शन लागतं. माझ्या आधी ज्याने हे बसवलं होतं त्याने प्रत्येक निरोपासाठी नवं कनेक्शन उघडायचं आणि काम झालं की बंद करायचं, असं ठेवलं होतं. म्हणजे बँकेत पैसे भरायला जावं आणि प्रत्येक वेळी नवीन खातं उघडावं. दुपारपर्यंत चालून जायचं. संध्याकाळी मार्केटचा माल निघायला लागला, की एकदम एवढी कनेक्शनं मागितली जायची की सर्व्हर नाही म्हणायचा. नाही म्हटलेले निरोप थोड्या वेळाने पुन्हा यायचे आणि गर्दीत भर घालायचे.

मी तिथे पूल, म्हणजे कनेक्शनांचा साठा, बसवला. थोडी कनेक्शनं कायम उघडी ठेवायची, ज्याला लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. जास्तीत जास्त किती ठेवायची, मोकळं नसेल तर किती वेळ थांबायचं, रिकामं पडलेलं कधी बंद करायचं. आकडे एवढेच, फाइल अर्ध्या पानाची. पण ते आकडे सापडायला मला कित्येक आठवडे लागले. एक भानगड तर अशी, की जेवणाच्या सुट्टीनंतरचं पहिलं बिल हमखास फसायचं. मिलचा फायरवॉल सुट्टीत रिकामी पडलेली कनेक्शनं गुपचूप तोडत होता आणि पूल ती मेलेली कनेक्शनं चांगली समजून हातात देत होता. मग देण्याआधी जिवंत आहे का तपासायचं, अशी एक ओळ टाकली आणि ते थांबलं. हे मला कुणी शिकवलं नाही. वाचलं, चुकलो, पुन्हा वाचलं.

चालू झालं त्या दिवशी नोंद केली रे केली की प्रिंटरमधून बिल बाहेर. मॅनेजर म्हणाले, "बहु सरस." आप्पांनी ओट्यावर सगळ्यांना चहा पाजला. आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी माझ्याकडून एक प्रेझेंटेशन करून घेतलं. त्यात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: थांबण्याची वेळ जवळजवळ शून्य.

ओट्यावर एक रीत होती. बिल हातात आल्याशिवाय पार्सलाला हात लावायचा नाही. कारण साधं होतं. बिलाआधी माल चढवला आणि पार्टीने ऐन वेळी नको म्हटलं, तर तो उतरवायचा कुणी? उतरवायची मजुरी कुणी देत नाही. म्हणून टेम्पो मागे लागलेला असो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असो, लोडिंगची माणसं बिलाची वाट बघत पार्सलांवर बसून राहायची. कुणी तंबाखू मळायचं, कुणी पाठीला पाठ टेकून डोळे मिटायचं. शाळेत असताना मी आप्पांचा डबा घेऊन जायचो, तेव्हापासून हे बघत आलो होतो. मला ते थांबणं वाटायचं. ते बसणं होतं हे कळायला मला तिथे पुन्हा जावं लागलं.

दोनेक महिन्यांनी प्रिंटर हलवायचा होता म्हणून मी ओट्यावर गेलो. संध्याकाळची वेळ. कुणीही बसलेलं नव्हतं. एक बिल बाहेर पडत होतं, त्याचा माल भरेपर्यंत दुसरं, दुसरं संपेपर्यंत तिसरं. टेम्पोवाले खूश होते. आमच्याच गल्लीतले एक काका आप्पांबरोबर लोडिंगला आहेत. मला बघून ते पार्सल डोक्यावर असतानाच म्हणाले, "काय रे इंजिनेर, आते चहा बी तुना कम्प्युटरमाच पेवाना का?"

सगळे हसले. आम्ही धुळ्याकडचे, घरात आणि आपसात अहिराणीच बोलतो. मीही हसलो.

"याना मशीनले दम लागत नही," दुसरा एक जण म्हणाला. "आपलेच लागस."

आप्पा म्हणाले, "मना पोऱ्यानं काम शे. फास्टच राही."

असं म्हणून ते पुढच्या पार्सलासाठी वाकले आणि मी बघितलं. ते एका दमात उठले नाहीत. आधी एक हात शेजारच्या पार्सलावर टेकवला, अर्धे उठले, थांबले, मग पूर्ण उठले. डोक्यावर पार्सल घेऊन फळीवरून टेम्पोत गेले, परत आले, पुन्हा तसेच वाकले. शर्टाखाली कमरेला पट्टा बांधलेला दिसत होता. तो मी घरी कधी पाहिला नव्हता.

घरी येऊन आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. तिने वर न बघता सांगितलं, की पट्टा ते घरात शिरण्याआधीच काढून पिशवीत टाकतात. जेवण झालं की पालथे पडतात आणि ती त्यांच्या कमरेवर पाय देऊन उभी राहते. मी क्लायंटच्या कामात उशिरा घरी यायचो, तोवर ते झोपलेले असायचे.

"मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणे, पोऱ्याले सांगू नको. त्यानं नाव व्हई राह्यनं." त्याचं नाव होतंय, म्हणून सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर ऑफिसात, मॅडम शेजारच्या टेबलावर फोनवर बोलत असताना, मी त्या मिलची फाइल उघडली. जास्तीत जास्त कनेक्शनं एकावर आणली आणि मोकळं कनेक्शन मिळेपर्यंत थांबायची वेळ वाढवली. फाइल सेव्ह केली. बाजूला कारण लिहायचं असतं, तिथे लिहिलं: स्थिरतेसाठी.

आता सगळे निरोप एकाच कनेक्शनमधून एकामागून एक जाणार होते. एकही बिल हरवणार नव्हतं, नुसती सावकाश येणार होती. मी स्वतःला तसंच समजावलं. पण चांगलं चाललेलं काम मी माझ्याच हातानं बिघडवलं होतं. सुताराने आपणच केलेल्या दाराची बिजागरी सैल करावी तसं. आणि दुसरीकडे बरंही वाटत होतं. आप्पा आता बसले असतील, असं मी त्या संध्याकाळी दोन-तीनदा मनात म्हटलं.

त्या आठवड्यात रविवारी आप्पा दुपारच्या जेवणाला बसले होते. पहिला घास तोंडात घालण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुनं काही बिघडनं का?"

"कशाचं?"

"बिल ई नही राह्यनात. अडकी अडकी येतस."

मी म्हटलं, पोर्टल हळू चालत असेल. ते मान हलवत राहिले. मग सांगायला लागले. बिल यायला वेळ लागला की ते उठून मॅनेजरच्या खिडकीशी जायचे. "साहेब, लडके को फोन लगाऊं क्या?" मॅनेजर म्हणायचे, जा, आ जाएगा. पाच मिनिटांनी हे पुन्हा खिडकीशी. बाकीची माणसं मागून आवाज द्यायची, की इंजिनेरनं बटण अटकनं, की पोऱ्याले सांग हवा भर. हे सांगताना ते हसायचा प्रयत्न करत होते.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ते काका भेटले. त्यांनीच उरलेलं सांगितलं. "आम्हीन बठनूत. तुना बाप नही बठना. खिडकी आणि प्रिंटर, खिडकी आणि प्रिंटर. पार्सल उचलाले इतलं चालनं पडत नही त्यासले." आम्ही बसलो, तुझा बाप बसला नाही. पार्सलं उचलायलाही एवढं चालावं लागत नाही.

मी सरळ घरी आलो. आप्पा दारात खाट टाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की पोर्टल नाही, मीच हळू केलंय, तुम्हाला बसायला मिळावं म्हणून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या घरातलं पोर सायकलची चेन बसवत होतं, ते त्याच्याकडे बघत राहिले.

"मी तठे हात जोडी राह्यंतू," ते म्हणाले, "आणि तू जाणीबुजी करी राह्यंता?"

मी चपला काढून दाराशी ठेवल्या.

"माले इचारं का तुनी?"

"नाही."

"तू तुनं काम चांगलं ठेव. मनी कंबरनं मी देखी लिसू."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांची कंबर बघितली आणि त्यांच्याकडे चार माणसांत सांगण्यासारखी जी एकच गोष्ट होती, मुलाचं काम, तीच मोडली. आणि बाकीची माणसं? त्यांना त्या आठवड्यात खरंच बसायला मिळालं होतं, पण त्यांच्यासाठी मी ते केलं नव्हतं. त्यांचा विचारही माझ्या मनात नव्हता. हे मला त्या रात्री नाही, बऱ्याच दिवसांनी सुचलं, याचीही लाज वाटते.

सोमवारी मी जुने आकडे परत टाकले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "वो क्लायंट है, तेरा घर नहीं है," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पापा ठीक है?"

बिलं पुन्हा धडाधड यायला लागली. आता सगळं पहिल्यासारखं होणार असं मी धरून चाललो होतो. पण आप्पांनी स्वतःच काहीतरी ठरवलं होतं. काय, ते घरात कुणालाच सांगितलं नाही.

मी त्या मिलसाठी एक स्क्रीनही करून दिली होती. बिल निघालं आणि ठरलेल्या वेळात गाडी गेटबाहेर गेली नाही, तर ती ओळ लाल होते. ही स्क्रीन मॅनेजरच्या केबिनमध्ये दिसते आणि माझ्याकडेही. एका संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर दोन ओळी लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी चार. मी आधी पूल तपासला. कनेक्शनं मोकळी होती, बिलं वेळेवर छापली गेली होती. रांगेत कुणीच नव्हतं.

काय चाललंय ते काकांकडून कळलं. बिल प्रिंटरमधून आलं, की आप्पा ते घ्यायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि पार्सलावर बसायचे. "बठा रे," म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणी बसेना, सगळे केबिनकडे बघत होते. मग काका बसले. मग बाकीचे. चहा संपला की आप्पा बिल बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "आते उचला." ड्रायव्हर कटकट करायला लागला तर त्याच्याही हातात चहा द्यायचे. काका हे सांगताना खूश होते. माझ्या पाठीवर थाप मारली. "तुना बापले जराशी उशीर लागना, पण समजनं."

मलाही आनंद झाला. दोन दिवस टिकला.

मग मॅनेजरचा मेल आला. संध्याकाळच्या गाड्या उशिरा सुटताहेत, चूक सॉफ्टवेअरची आहे का माणसांची, आजच्या आज लेखी कळवा. मॅडमनी तो मला पुढे पाठवला, वर दोनच शब्द: जवाब देना.

उत्तर माझ्यासमोर होतं. प्रत्येक बिल कधी मागितलं गेलं, कधी छापलं गेलं, सगळं नोंदलेलं होतं. नेटवर्क अडखळतंय असं लिहिता आलं असतं. कुणी तपासायला आलं नसतं. पण एकदा मी सॉफ्टवेअर मुद्दाम बिघडवलं होतं आणि त्याची नाचक्की आप्पांनी खिडकीशी उभं राहून भोगली होती. ते पुन्हा करायचं? हे एक कारण. दुसरं कारणही होतं, ते लिहायला हवं. माझ्या कामात दोष आहे असं माझ्या हातानं लिहायला मला जड जात होतं. ही दोन कारणं मी आजही वेगळी करू शकत नाही.

मी लिहिलं: आमच्या बाजूने उशीर नाही. बिलं वेळेवर निघत आहेत.

एक अक्षर खोटं नव्हतं. हे वाचून ते कुणाला केबिनमध्ये बोलावतील हेही मला ठाऊक होतं. मी ते पाठवलं आणि पाणी प्यायला उठलो.

आप्पांना ओट्यावरून काढलं आणि ग्रे गोदामात टाकलं. ग्रे म्हणजे लूमवरून आलेलं कोरं, न रंगवलेलं कापड. त्याचे ताके, म्हणजे तागे, टेम्पोतून उतरवायचे आणि जिन्याने माळ्यावर न्यायचे. ओट्यावरच्या बाकीच्यांना ताकीद मिळाली. आता तिथे कुणी बसत नाही. काका माझ्याशी बोलत नाहीत. गल्लीत समोरून आलो की मोबाइल काढून त्यात बघत पुढे जातात.

बदली झाल्याच्या दिवशी आप्पांनी जेवताना विचारलं, "त्यास्नी तुले इचारं व्हतं ना? काय लिखं?"

मी सांगितलं.

"मंग बरं. खरं शे ते," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाले, की गोदामात बसायला मिळतं, तिथे स्क्रीन नाही. मी तो जिना बघितलेला आहे. पुढे काही विचारलं नाही.

मग मिलने दुसरा टप्पा काढला. ग्रे गोदामही जोडायचं. टेम्पो आत आला की नोंद, ताके माळ्यावर पोचले की नोंद, मध्ये वेळ लागला की लाल. मॅडम म्हणाल्या, हवं तर दुसऱ्याला देते. मी नको म्हटलं. दुसऱ्याला तिथलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि आतापर्यंत त्याचा उपयोग मी काय केला ते वर लिहिलंच आहे.

मीटिंग गोदामातच झाली, भर दुपारी, ताक्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून. मॅनेजर खुर्चीवर होते. आप्पा आणि आणखी तिघे जण बाजूला उभे होते. मॅनेजर मला म्हणाले, "कितने मिनट पे लाल करना है, तू बोल."

मी म्हटलं, "इनको पूछिए. चढाते तो ये लोग हैं."

तिघांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा मॅनेजरकडे बघून म्हणाले, "बीस मिनट बहुत है साहेब."

मध्ये दम न घेता केलं तरच वीस पुरतात. मी सकाळी येऊन एक टेम्पो रिकामा होताना बघितला होता. आप्पांचा मुलगा लॅपटॉपसमोर बसला होता, म्हणून ते वीस म्हणाले. तेवढ्यात त्यातला एक ओडिया माणूस, आमचं नातं त्याला माहीत नसावं, म्हणाला, "बीस में चढ जाएगा साब. पर बैठेंगे कब?"

मॅनेजर हसले. "बैठने का टाइम सॉफ्टवेअर में नहीं आता."

"आता है," मी म्हटलं.

माझाच आवाज मला मोठा वाटला. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं, आप्पांनीही. मी पस्तीस टाइप केलं आणि लॅपटॉप मॅनेजरकडे वळवला. त्यांनी आकडा बघितला. "ठीक है, रख. बाद में देखेंगे."  आप्पांनी ताका खांद्यावर घेतला आणि ते जिन्याकडे गेले.

पस्तीस अजून तसाच आहे. ओट्यावरची वेळ मात्र जुनीच आहे. ती बदलायची तर मॅनेजरना तसं सांगायला हवं. गोदामात जे एका दमात तोंडातून गेलं, ते ओट्यासाठी बोलायला मी अजून गेलेलो नाही. तिथे आता माझे वडील नाहीत. संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर ओट्याच्या सगळ्या ओळी हिरव्या असतात.